लिफ्टचं दार

निर्माता हर्षदने अंधेरीतल्या आपल्या घरी नीलमला स्वतःच्या सिनेमातलं भूत कौतुकाने दाखवलं. लाल डोळे, हातभर जीभ. याहून शिमग्यातलं सोंग बरं, असं नीलमच्या मनात आलं. भूत किंचाळत असतानाही शेजारी हर्षदची आई शांतपणे मटार सोलत होती. मग नीलमने आपला भयपट लावला. भूत परवडलं नव्हतं, म्हणून तिने बोरीवलीतल्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट मोबाइलवर टिपली होती. सातव्या मजल्यावर रिकामी लिफ्ट थांबते, दार काही केल्या लागत नाही आणि आतला यांत्रिक आवाज सांगत राहतो, "कृपया दरवाजा बंद करा." हर्षद फिदीफिदी हसला. "भूत कुठाय यात? लिफ्टवाल्याला बोलाव." आईच्या हातातली शेंग मात्र तशीच राहिली होती. "तू गप रे," ती मुलाला म्हणाली आणि नीलमकडे वळली. "दार कोण धरून उभं होतं गो?"