सामोआतली आई

“नववीत आहे मी, हात धरू नकोस,” असं आईला बजावून शर्वरी सामोआच्या बाजारात पुढे घुसली आणि पाचव्या मिनिटाला हरवली. फोन आईच्या पर्समध्ये, हॉटेलचं नावही आठवेना.

“आई!” तिने हाक मारली. केळी विकणाऱ्या आजीने लगेच तिच्या हातात उकडलेलं केळं ठेवलं. “आई!” आता आवाज रडवेला झाला, तर शेजारणीने भाजलेला नीरफणस पुढे केला. “आई, आई,” म्हणत दोघी तोंडाकडे बोटं नेऊ लागल्या, तेव्हा कुठे तिची ट्यूब पेटली. इथल्या भाषेत ‘आई’ म्हणजे ‘खा’.

रडू पळालं. मग तिने मुद्दामच पोटभर हाका मारल्या.

त्या ऐकून खरी आई धापा टाकत आली, तेव्हा लेकीचे दोन्ही गाल भरलेले होते.

“माझा जीव टांगणीला, आणि तू चरतेयस?”

शर्वरीने अर्थ सांगितला.

“त्यात नवीन काय? घरी दिवसभर मी हेच तर म्हणते. मला मात्र कुणी म्हणत नाही.”

आजीने तिच्याही हातात केळं ठेवलं.

“आई.”