बेकरीवाल्याची उलटतपासणी

"आरोपी कोण होतंय?" कायद्याच्या सरांनी विचारलं, आणि अख्खा वर्ग शेवटच्या बाकाकडे वळला.

"मीच होते," ती म्हणाली. "नाहीतरी आठवडाभर मीच आहे."

नोंद घ्यावी: मुख्याध्यापिकांच्या कपाटातल्या गठ्ठ्यात कायद्याची एक प्रश्नपत्रिका कमी भरली होती. कुलूप शाबूत. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या वाचनालयात ती एकटीच बसलेली, आणि पैकीच्या पैकी गुणही तिलाच. तेही सरांच्या शिकवणीला न जाता. तिचं नाव पटावर ठेवायचं की काढायचं, ते आज शाळा सुटायच्या आत ठरणार होतं.

आणि नेमका आजच सरांनी वर्गात लुटुपुटीचा खटला काढला होता. न्यायाधीश म्हणून खुद्द मुख्याध्यापिकांना बोलावून आणलं होतं. तिच्या मनात पाल चुकचुकली.

सरांनी खटल्याचा कागद वाटला. एक बेकरी. मालकाच्या कपाटातून केकची गुप्त कृती चोरीला गेलेली. संशय कामावरच्या हुशार मुलीवर. ती त्या संध्याकाळी शेजारच्याच खोलीत. कुलूप फोडलेलं नाही. चोराने करंडकातून किल्ली काढली, काम झाल्यावर परत तिथेच टाकली.

"सर, बेकरी ओळखीची वाटते," पुढच्या बाकावरचा लंबू म्हणाला. हशा पिकला.

"सगळं काल्पनिक आहे. माझ्या डोक्यातलं. आणि एक नियम: उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही. आपलाच घात होतो."

लंबू सरकारी वकील. सर स्वतः बेकरीवाले. लंबूने तिला चांगलंच सोलून काढलं.

"त्या संध्याकाळी कुठं होतीस?"

"शेजारच्या खोलीत."

"काय करत होतीस?"

"वाचत."

"बेकरीत?"

पुन्हा हशा. मुख्याध्यापिका मान खाली घालून काहीतरी टिपत होत्या. हा खेळ नाही, तिला वाटलं. तिकडे आपला निकाल लिहिला जातोय.

मग तिची पाळी आली. कागद तिने सात वेळा वाचला होता. एकच गोष्ट खुपत होती, आणि तिचं उत्तर काही सापडत नव्हतं.

"बेकरीवाले, किल्ली कुठं असायची?"

"करंडकात. लिहिलंय की."

"कशाचा करंडक?"

"कशाचा का असेना. काय फरक पडतो?"

"बेकरीत पिठाचे डबे असतात, सर. बरण्या असतात. किल्ली ठेवायला तुम्हाला करंडकच कसा सुचला?"

सर हसले. "बघा, हेच सांगत होतो. उत्तर ठाऊक नसताना विचारलं, आणि हात चोळत बसली." ते न्यायाधीशांकडे वळले.

मुख्याध्यापिकांचं पेन केव्हाच थांबलं होतं.

"उत्तर मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "फक्त, माझ्या कपाटाची किल्ली करंडकात असते, हे मी शिपायालासुद्धा सांगितलेलं नाही."