लूप कुठे चुकला

"लाल लाल दिसतंय ते सगळं चुकलंय का गो?" कॉम्प्युटरसमोर बसलेल्या बाईंनी विचारलं.

हर्षाली मनातल्या मनात हसली. बाईंना सोंग छान जमलं होतं. बोलणंसुद्धा अगदी गावाकडचं घेतलं होतं.

मुरबाडच्या त्या कॉम्प्युटर क्लासला जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला एक शिक्षिका हवी होती. हर्षालीची मैत्रीण प्रेमा पूर्वी इथेच शिकवायची. तिनं आदल्या दिवशी फोनवर सावध केलं होतं. "मालकीणबाई बिलंदर आहेत हां. इंटरव्ह्यूआधी विद्यार्थिनी बनून बसतात. आपण वैतागतो की नीट शिकवतो, ते बघतात. मला अशीच घेतली."

म्हणून बाहेरच्या बाईंनी "आत बसा, बोलावतील" म्हटल्यावर हर्षाली तयारीतच आत आली. खोलीत एकट्या याच बाई होत्या. वय चाळिशीचं, कडक इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स. यांनी हाक मारली तेव्हा नाव विचारायचीही तिला गरज वाटली नाही.

ही नोकरी तिला हवीच होती. वाशिंदच्या कंपनीत जायचं म्हणून ती तिथेच खोली घेऊन राहत होती आणि धसईला आई एकटी होती. इथे नोकरी लागली तर सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी पोचता येणार होतं.

तिनं खुर्ची ओढली. स्क्रीनवर साताच्या पाढ्याचा प्रोग्रॅम होता. चुका इतक्या ठळक होत्या, की मुद्दाम पेरल्यात हे कुणीही ओळखलं असतं.

"घाबरू नका. आधी हा फॉर शब्द बघा. पहिलं अक्षर मोठं पडलंय. जावाला फक्त छोट्या अक्षरातला फॉर कळतो."

बाईंनी एका बोटानं ते दुरुस्त केलं.

"आता कंस. भाताची आवणी केलीय कधी?"

"जन्म गेला त्यात."

"मग सोपं आहे. कुठल्या बांधापासून सुरू करायचं, कुठल्या बांधापर्यंत जायचं, आणि रोपांची एक मूठ लावली की पुढची. लूपला, म्हणजे फॉरच्या या फेऱ्यांना, एवढंच सांगायचं असतं. तीन गोष्टी, आणि मधे अर्धविराम. तुम्ही स्वल्पविराम दिलेत."

"आनी कंसाच्या भायेर पन अर्धविराम हाय, तो?"

"तो काढा. तो दिला की लूप तिथंच संपतो. मग खालच्या ओळीला आय, म्हणजे फेऱ्या मोजणारं हे अक्षर, कोण, हेच कळत नाही."

बाईंनी तो खोडला. तरी शेवटी एक लाल ओळ उरलीच. हर्षालीनं लगेच सांगितलं नाही. "महिरपी कंस मोजा. उघडलेले किती, मिटलेले किती?"

बाई ओठ हलवत मोजू लागल्या. "एक मिटायचा रायलाय!"

"बघा. तुम्हीच शोधलात."

कंस मिटला, प्रोग्रॅम चालला आणि साताचा पाढा खाली उतरत गेला. बाईंचा चेहरा उजळला. हर्षालीला वाटलं, एवढा खरा आनंद दाखवायलाही कसब लागतं.

"पन हे समोरच्याला कसं सांगायचं गो? मला समजलं, दुसऱ्याला कसं समजवू?"

आता खरी परीक्षा, हर्षालीनं ओळखलं. तिनं हातचं काही राखलं नाही. आधी चूक दाखवायची नाही, शोधायला लावायची. लाल ओळीवर चूक नसेल तर तिच्या वरच्या ओळीत बघायला सांगायचं. शिकणारा अडला तर कीबोर्ड आपल्या हातात घ्यायचा नाही.

"परत एकदा सांग."

तिनं परत सांगितलं. मग बाईंनी सगळं तिलाच म्हणून दाखवलं, बांधापासून कंसापर्यंत. एकही गोष्ट सुटली नाही.

"वा!" हर्षाली म्हणाली. "तुम्ही तर माझ्याहून छान शिकवता."

बाईंनी तिचा हात घट्ट धरला. त्यांचा तळवा घामानं ओला होता. "लय उपकार झाले गो. सकाळधरनं छातीत धडधडत होतं."

नोकरी मिळाली, हर्षालीला खात्रीच पटली. आईला फोन करून काय सांगायचं, तेही तिनं ठरवून टाकलं.

एवढ्यात आतलं दार उघडलं. चष्मा लावलेल्या एक बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"पहिल्या उमेदवार, मीना घरत! तयारीची वेळ संपली. या, तो चुकलेला प्रोग्रॅम आम्हाला शिकवून दाखवा."

हर्षालीचा हात सोडून बाई उठल्या.