खिडकीवरचं ब्लँकेट

बाळाची मूठ उघडत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गालावर, कानाच्या जरा पुढे, बोटाने हलकेच टिचकी मारली, तसा ओठाचा कोपरा उडाला. पुन्हा मारली, पुन्हा उडाला.

"झटका आला तो खरा, पण हे फेफरं नव्हे," त्या म्हणाल्या. "रक्तातलं कॅल्शियम फार खाली गेलंय. आत्ताच रिपोर्ट हाती आला. ते कमी पडलं की नसा कारण नसताना पेटतात. मग हात वळतात, झटके येतात."

सुईतून औषध थेंबाथेंबाने आत चाललं होतं. घाई केली तर हृदयाचे ठोके चुकतात, असं नर्सने आधीच बजावलं होतं. त्यामुळे पाळण्याच्या दोन बाजूंना बसलेल्या आई आणि आजी, दोघी सासू-सुना, श्वाससुद्धा बेतानेच घेत होत्या.

"तू काम काय करतेस?" डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं.

"अळंबीच्या शेडमध्ये, तोडणीला. बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत जात होते."

"उजेड असतो तिथे?"

"अळंबीला कशाला हवा उजेड? उजाडायच्या आत शेडमध्ये शिरायचं, दिवस बुडाला की बाहेर."

"मग तुझ्याच अंगात ड जीवनसत्त्व नसणार. ते नसलं की कॅल्शियम पोटात जाऊनही अंगी लागत नाही. पोटात असताना याला तुझ्याकडून ते मिळालं नाही, अंगावरच्या दुधातूनही फारसं मिळत नाही. तुझंही रक्त तपासू. याला रोज थेंब द्यायचे, तुला गोळ्या."

"ड म्हणजे उन्हातलं ना?" आई म्हणाली. "आम्ही देतो ते अळंबीला. तोडून झाली की ट्रे दिव्याखाली ठेवायचे. उन्हासारखा दिवा असतो, त्याने ते अळंबीत उतरतं म्हणे. खोक्यावर तसं छापतातसुद्धा. दिवा लावायच्या आधी आम्हाला खोलीबाहेर काढतात. डोळ्यांना वाईट म्हणून."

हसण्यासारखीच गोष्ट होती. हसलं मात्र कुणी नाही.

अर्ध्या गल्लीची पोरं आपल्या मांडीवर वाढली, असं आजी येताजाता सांगायची आणि त्यात खोटं फारसं नव्हतं. तिला राहवेना. "पण बाई, झटक्याला उजेड चालत नाही ना? थोरलीच्या वेळी तर आम्ही जिवापाड जपलं होतं."

"थोरली?"

"हिची पहिली. अस्संच व्हायचं तिला. हात वळायचे, डोळे वर जायचे. आमच्या तिकडच्या डॉक्टरांनी फेफऱ्याचं औषध दिलं, उजेड-आवाज जपा म्हणाले. मी खिडकीला जाड ब्लँकेट ठोकलं, चांगले खिळे मारून. उन्हाची तिरीप येऊ दिली नाही पोरीच्या अंगावर. याच्या वेळी तर जन्मला त्याच दिवशी लावलं. विषाची परीक्षा कशाला, म्हटलं."

"कुठे असते ती?"

आजी पदराशी चाळा करत राहिली. आईने मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंना कळलं.

"तिचं रक्त तपासलं होतं?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"रक्त कशाला?" आजी म्हणाली. "झटके दिसतच होते की."

औषध चाललं होतं. आईने त्या नळीकडे बघतच विचारलं, "तिलाही हेच होतं का?"

"तपासल्याशिवाय कसं सांगणार? आता नाही सांगता यायचं."

"आणि हेच असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी खोटं बोलून बघितलं असतं, पण तेवढं झटपट सुचलं नाही. "तर हेच औषध दिलं असतं," त्या म्हणाल्या आणि पलीकडच्या पाळण्याकडे वळल्या.

बाळाचा अंगठा आधी सैल झाला, मग बाकीची बोटं. तळहात उघडा पडला. ओलसर, गुलाबी, त्यात पांघरुणाची लोकर अडकलेली. आईला आनंद झाला आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली. थोरलीची मूठ उघडलीच नव्हती. मिटलेलीच घेऊन गेले होते तिला.

एवढ्यात ऊन सरकत सरकत पाळण्यावर आलं आणि बाळाने डोळे बारीक केले. आजी सवयीने उठली, खिडकीशी गेली आणि तिने पडद्याला हात घातला. अर्धा ओढला आणि तशीच थांबली.

"मीच ठोकलं गं ते," ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली. "या हातांनी."

तुम्हाला काय ठाऊक होतं, आई, असं सुनेने म्हणायला हवं होतं. ते खरंही होतं. त्या घरात आल्यापासून तिचा जीव या एकाच बाईवर होता, तरीही ते शब्द आले नाहीत.

"पडदा सोडा, आई," एवढंच ती म्हणाली.

आजीची मूठ काही उघडत नव्हती.