पहिला गिअर

गाडी जॅकवर चढवून ती खाली शिरली आणि तिने गिअरबॉक्सचा नट सोडला. काळं तेल जुन्या पातेल्यात पडू लागलं. हे काम तिला बाबांनीच शिकवलेलं. उभा जन्म ड्रायव्हरकीत गेलेल्या बाबांना आता पोटची लेकही ओळखू येत नव्हती.

तेवढ्यात वर दार लागलं. तिच्या नाकासमोरची गिअरची दांडी हलली, पहिला पडला. किल्ली गाडीलाच होती.

"बाबा, उतरा! मी खाली आहे!"

"बसून घ्या मॅडम, उशीर झालाय."

किल्ली खट्कन अर्धी फिरली.

"सिग्नल लाल आहे!" ती किंचाळली.

वर सगळं थांबलं. श्वास रोखून ती पाठीवर इंच इंच बाहेर सरकू लागली.

"झाला बघा हिरवा," बाबा म्हणाले.