राहिली फक्त स्क्रीन

हवानातल्या त्या जुन्या इमारतीतलं कुणी देश सोडून निघालं, की आदल्या दिवशी आपल्या कॉम्प्युटरचं जे काही उरलं असेल ते एवेलिओच्या दारात आणून ठेवी. तोंडानं निरोप घेणं कुणालाच जमत नसे. त्या सगळ्या भंगारातून एवेलिओनं एक मशीन उभं केलं होतं. नर्सबाईंची रॅम, वरच्या मजल्यावरच्या जुळ्या भावांचा पंखा, समोरच्या न्हाव्याची हार्ड डिस्क. कशालाही काहीही जुळवण्यात त्याचा हातखंडा होता. आता फक्त स्क्रीन राहिली होती. जिन्यात भेटेल त्याला तो हसत विचारी, "काय मग, तुम्ही कधी निघताय? मला स्क्रीन हवीय!"

आज खालच्या मजल्यावर राहणारी त्याची लेक मायदेलिस आपली स्क्रीन छातीशी धरून दारात उभी राहिली.

"अरे वा, आणलीस? अगं, पण मग तू काम कशावर..." एवेलिओ बोलता बोलता थांबला.

मायदेलिसनं मान वर केली नाही. "लावून तर बघ, पपा."

त्यानं स्क्रीनला हातसुद्धा लावला नाही.

"नाही गं जुळत ही माझ्या मशीनला," तो म्हणाला. "घेऊन जा परत."