हार्पवाली

मुलगी एकोणीस वर्षं हिवाळी सुट्टीतल्या बॅलेला हार्प हे उंच तारवाद्य वाजवत होती, पण मंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यात बसून, प्रेक्षकांना न दिसता. निवृत्त बसचालक बाप दरवर्षी यायचा, नाचणाऱ्यांचे पाय बघून परतायचा. यंदा नाच नव्हता. नुसता वाद्यवृंद, तोही मंचावर. लेकीला त्याने डोळे भरून पाहिलं. मग सगळी वाद्यं थांबली आणि तिची एकटीची सुरावट सुरू झाली. तेवढ्यात एक तार तुटून लोंबकळली. बाप खुर्चीत पुढे सरकला. घरी भिंतीआडून ऐकून त्याला सगळं पाठ होतं; त्या तारेचा सूर पाचदा येणार होता. लेक डगमगली नाही. पाचही वेळा तिने तो वरच्या सप्तकात उचलला आणि सुरावट तडीस नेली. शेवटी टाळ्या कडाडल्या. शेजारची बाई म्हणाली, “किती सहज वाजवते!” बाप ताठ झाला. “सहज? तार तुटली होती! लेक आहे माझी!”